व्हय तिथं शेळी

एका गावात एक भोळा माणूस होता. तसे भोळे सगळ्याच गावांत असतात, पण बाकीच्यांचं भोळेपण अधूनमधून सुटतं. ह्याचं सुटत नव्हतं.

गाव होतं माणदेशातली खरबवाडी आणि माणसाचं नाव हैबती. नाव ऐकलं की वाटायचं, हा घोड्यावरून येणार. यायचा तो पायी, आणि बऱ्याचदा चुकीच्या घरी. सांगितलेलं काम हैबतीनं कधी टाळलं नाही. जसं सांगितलं तसंच करायचा, हीच तर पंचाईत होती. लग्नात त्याला कुणीतरी म्हणालं, "नवरदेवा, खाली बघून चाल." तो खाली बघत चालला आणि शेजारच्या मांडवात जाऊन बसला. तिथल्या भटजींनी अंतरपाट धरला, तेव्हा कुठं लोकांना कळलं.

बायको मात्र त्याला शहाणी मिळाली. तिचं नाव अंजिरा. घरात दोघांपैकी एक जरी शहाणं असलं तरी प्रपंच चालतो, आणि त्यांचा तसा बरा चालला होता.

मग अंजिराला ताप आला. ताप गेला, पण जाताना थकवा ठेवून गेला. आठवडा झाला, महिना झाला, वर्ष होत आलं, थकवा काही हलेना. रात्रभर झोपून उठली तरी सकाळी जात्यावरून उठल्यासारखी दमलेली. घागर उचलली की दुसरा दिवस अंथरुणात. खाल्लेलं पचायचं नाही, पोट फुगायचं.

"अवं," ती एकदा म्हणाली, "माझं हातपाय पार गळाल्यात."

हैबती घाबरला. अंथरूण झटकलं. बाजेखाली वाकून बघितलं. मोरीत बघून आला.

"हिथं तर कुठं न्हाईत," तो म्हणाला. "नेमकं कुठं गळालं?"

शेजारच्या गजराआत्याला मात्र सगळं कळत होतं. "आमच्या काळात थकायला येळच नव्हता," ती दारातून म्हणायची आणि हे म्हणत अर्धा दिवस तिथंच उभी राहायची.

अंजिराचा थोरला भाऊ सर्जेराव हा तालमीतला गडी. पुढं कुस्ती सुटली, टेम्पो घेतला, पण डोकं तालमीतच राहिलं. कुणाला काहीही झालं की त्याचं औषध ठरलेलं: पावडर आणि बैठका. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हाही त्यानं बैठकाच सांगितल्या होत्या. म्हातारी खाली बसली, ती दोघांनी उचलेपर्यंत तशीच बसून होती.

तो बहिणीला बघायला आला आणि पावडरचा हा एवढा डबा घेऊन आला.

"रोज तीन चमचं," तो म्हणाला. "बैल उचलशील. बेंदरापर्यंत वाट बघतो. तवर हुबी ऱ्हायली न्हाईस, तर म्हायेरी न्हेतो. रोज शंभर बैठका काढून घेतो तुज्याकडनं. घोड्यावानी पळशील."

अंजिरानं डबा उशाशी ठेवून घेतला. दहा पावलं चाललं की दोन दिवस झोपावं लागतं, तिथं शंभर बैठका म्हणजे मरणच. आणि भावाशी वाद घालायचा तर त्यालाही ताकद लागते.

पावडर घेतली तर पोट नगाऱ्यासारखं फुगलं. तेव्हा हैबती तिला एस. टी.नं तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला.

"काय घेता सध्या?" बाईंनी विचारलं. हैबतीनं डबा पुढं केला. बाईंनी चष्मा लावून वाचलं.

"ह्यात व्हे आहे," त्या म्हणाल्या.

"व्हय," हैबती म्हणाला.

"हो, व्हे."

"व्हय, व्हय."

"एकदाच आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी अंजिराला नीट समजावून सांगितलं. व्हे म्हणजे गाईच्या दुधाच्या निवळीची पावडर, ती वाईट नाही, पण तिच्या पोटाला सोसत नाही. ह्या थकव्याला झटक्यात उतरवणारं औषध आपल्याकडं नाही. पण पोट शांत राहिलं तर खाल्लेलं अंगाला लागेल, आणि अंगाला लागलं तर थोडं बळ धरेल. गाई-म्हशीच्या दुधानंही पोट फुगतं म्हणता, तर शेळीचं सोसतंय का बघू. आणि दमेपर्यंत काम करायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. बैठका तर बिलकूल नाहीत.

अंजिराला सगळं कळलं. हैबतीकडं बघून बाईंना वाटलं, ह्याला सोपं करून सांगावं. तिथंच घोटाळा झाला.

"तुम्ही दोन गोष्टी लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "शेळीचं दूध लावा. आणि कुणीही व्हे पुढं केलं, कितीही आग्रह केला, तरी म्हणायचं, नको, शेळीचं. जिथं व्हे, तिथं शेळी. पाठ झालं?"

"झालं," हैबती म्हणाला. व्हय म्हणायचं त्यानं तेव्हापासूनच सोडलं.

बाई पुण्याकडच्या. त्यांना काय ठाऊक की आमच्याकडं व्हय म्हटल्याशिवाय वाक्यच संपत नाही. हो म्हणायला व्हय, विचारायला व्हय, खेकसायला व्हय, आणि बोलायला काही नसलं तर नुसतंच व्हय. हैबतीला वाटलं, जगात एवढे लोक एवढं व्हे वाटत फिरतात आणि आपल्याला आजपर्यंत पत्ताच नाही.

परतीच्या एस. टी.त कंडक्टर आला. "खरबवाडी व्हय?"

"नको," हैबती म्हणाला. "शेळीचं."

कंडक्टरनं वाकून सीटखाली बघितलं. शेळी दिसली नाही, पण गर्दीत कुठंतरी असेल म्हणून त्यानं तिचं अर्धं तिकीट फाडलं.

वेशीजवळ बिरूमामा मेंढरं-शेरडं घेऊन उभा होता. "काय हैबती, बायकूला दाखवून आणलंस व्हय?"

"नको. शेळीचं."

"शेळीचं काय? दूध पायजे व्हय?"

"नको. शेळीचं."

बिरूमामानं डोकं खाजवलं आणि लोटाभर दूध काढून दिलं. माणूस चांगला होता, अर्थ लावत बसला नाही.

घरी आल्यावर अंजिरा प्रवासानं दमून झोपली. हैबती लोटा घेऊन तिच्या पायाशी बसला. बाई म्हणाल्या होत्या, दूध लावा. त्यानं तळपायापासून सुरुवात केली. उजवा पाय झाला, दोन्ही हात झाले, कपाळाला जरा जास्तच लावलं, कारण ती डोकं जड झालंय म्हणाली होती. डाव्या पायाशी आला तोवर लोटा संपला.

अंजिरा जागी झाली ती मांजर पायाची बोटं चाटत होतं म्हणून.

"अवं, हे काय केलंसा?"

"दूध लावलं. डावा पाय ऱ्हायलाय, त्यो उद्या."

अंजिरानं कपाळाला हात लावला, तर हातही चिकट आणि कपाळही चिकट. "दूध लावायचं म्हंजी रतीब लावायचा," ती म्हणाली. "रोज आणायचं. आणि दूध घरात आलं की आदी गाळायचं, मग तापवायचं, मग झाकून ठिवायचं. ध्यानात ऱ्हाईल?"

"गाळायचं, तापवायचं, झाकायचं," हैबती म्हणाला. मांजराला हाकलतानाही तेच म्हणत होता.

रोज वेशीपर्यंत लोटा घेऊन जाण्यापेक्षा शेळीच दारात असलेली बरी, असं अंजिराला वाटलं. बिरूमामाही तयार झाला. एक दुभती शेळी त्यानं वाट्यानं दिली. दूध तुझं, करडं माझी.

हैबती शेळी घेऊन घरी आला. दूध घरात आलं होतं, फक्त शेळीसकट आलं होतं. त्यानं आधी गाळणी घेतली. गाळणीत शेळीचं नाकसुद्धा मावेना. मग धान्याची चाळण आणली. तीही पुरेना. शेवटी त्याला बाज दिसली. बाजेची सुंभं एका ठिकाणी तुटलेली होती. त्यानं बाज उभी केली आणि त्या भोकातून शेळी ह्या बाजूनं त्या बाजूला ढकलली. पुढची शेळी गेली, मागची अडकली. मागून जोर लावला तशी तीही गेली, आणि बाजेची उरलेली सुंभंही गेली.

"गाळून झालं," हैबती म्हणाला.

मग त्यानं तिला अंगणातल्या उन्हात पत्र्यावर उभी केली. शेळी चारी पायांवर आळीपाळीनं नाचायला लागली. उकळी फुटली असं समजून त्यानं तिला खाली उतरवलं, कोंबड्यांचं डालगं वर पालथं घातलं, आणि उतू जाऊ नये म्हणून डालग्यावर पाटा ठेवला.

शेळीनं असा गळा काढला की गजराआत्या स्वतःचं जेवण सोडून आली. अंजिरा भिंतीला धरून बाहेर आली. आधी तिला डालगं ओरडतंय असं वाटलं.

"अवं, त्ये जितराब हाय," ती उंबऱ्यावर बसत म्हणाली. "दारात आलं की त्याच्या गळ्यात दावं घालायचं. खुट्ट्याला बांधायचं. म्होरं पाला टाकायचा. पाठीवरनं हात फिरवायचा आणि म्हणायचं, बाय माझी, बाय माझी. मग त्ये निवतं. पुन्यांदा कुणी दारात आलं तर असं करायचं. कळलं का?"

"दावं, खुट्टा, पाला, बाय माझी," हैबती म्हणाला.

शेळी निवली. धार मिळाली. अंजिरानं पहिल्या दिवशी फुलपात्रभर दूध भीत भीत घेतलं आणि पोटावर हात ठेवून पडून राहिली. पोट काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त घेतलं. हैबती तिच्या पोटाला कान लावून बसायचा. आत काही वाजेना. मग तिनं दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. तीही राहिली. थकवा गेला असं नाही, पण एक दिवस सकाळी ती आपणहून ओट्यावर येऊन बसली आणि वेणी घातली. वर्षभर तिनं वेणी घातली नव्हती. हैबतीला इतकं बरं वाटलं की तो घरात जाऊन उगाच रडून आला.

"दमायच्या आदी थांबायचं, हे डॉक्टरीणबाईंचं लई गुणाला आलं बगा," अंजिरा म्हणाली. "तुमीबी तसंच करत जा."

हैबती त्या दिवशी दोन घागरी घेऊन विहिरीवर गेला. पाणी शेंदलं की माणूस दमतं. म्हणून तो शेंदायच्या आधी थांबला. दुपारपर्यंत थांबला. मग दोन रिकाम्या घागरी घेऊन घरी आला.

"पाणी?"

"दमायच्या आदी थांबलो," हैबती म्हणाला. अंजिरानं शेजारून तांब्याभर पाणी मागून आणलं आणि विषय वाढवला नाही.

पुढं शेळीच बिनसली. धार काढायला बसलं की आखडून उभी राहायची, दूध सोडायचीच नाही. गजराआत्यानं लांबूनच निदान केलं. "शेळी पान्हा चोरतीया रं, हैबती."

हैबतीच्या घरात चोरी कधी झाली नव्हती. तो तडक पोलीस पाटलाकडं गेला. पाटलाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तो एका उलट्या सायकलीपुढं बसला होता.

"काय रं? चोरीबिरी झालीया व्हय?"

"नको. शेळीचं."

"शेळीची चोरी झाली?"

"न्हाई. शेळीच चोर हाय."

पाटलानं हातातलं चाक खाली ठेवलं. "काय चोरलं शेळीनं?"

"पान्हा."

"पाना?" पाटील दचकला. त्यानं मागं वळून आपली अवजारं बघितली. "कुठला? मोठा का बारका?"

"रोज फुलपात्रभर निघायचा. आता थेंबभरबी निघंना."

पाटलाला फुलपात्रात मावणारा एक पाना खरंच सापडत नव्हता. तो गंभीर झाला. "चोर गप हुबा ऱ्हात असंल तर समजायचं, माल त्याच्याच अंगावर हाय. अंगाची झडती घे. सगळं चाचपून बघ, सोडू नगंस. निघाला की मला आणून दे."

हैबती घरी आला आणि त्यानं शेळीची झडती घेतली. पाठ चाचपली, पोट चाचपलं, मग कास हळूहळू चाचपली. कास चाचपली तशी शेळीनं पान्हा सोडला. फुलपात्र भरलं. हैबतीनं ते पाटलाला नेऊन दिलं. पाटलानं ते पिऊन टाकलं आणि पाना सापडला नाही म्हणून आणखी दोन दिवस हळहळला. पण हैबतीनं धडा घेतला. कुणी गप्प उभं असलं की झडती.

अशात बेंदूर आला. बैलांची शिंगं रंगली, गळ्यात घुंगरं बांधली. अंजिरानं त्या दिवशी हौसेनं चार पुरणपोळ्या लाटल्या. चारच, पाचवी लाटायच्या आधी थांबली. आणि मग पाठ टेकायला म्हणून आडवी झाली.

तेवढ्यात दारात टेम्पो येऊन थांबला. सर्जेराव उतरला.

हैबती धावतच बाहेर आला. दारात कुणी आलं तर काय करायचं, हे त्याला पाठ होतं. त्यानं हातात दावं घेतलं होतं. सण होता, सर्जेराव पैलवान होता, आणि पैलवानाला हाराची सवय. त्याला वाटलं दाजी हार घालताहेत, म्हणून त्यानं आपणहून मान खाली केली. हैबतीनं दावं घातलं आणि खुट्ट्याला गाठ मारली. पुढ्यात शेवरीचा पाला टाकला. पाठीवरून हात फिरवला.

"बाय माझी," हैबती म्हणाला. "बाय माझी."

सर्जेरावाच्या तोंडून शब्द फुटेना. तो नुसता उभा राहिला. शेजारी शेळी त्याच्या पुढचा पाला खायला लागली.

हैबतीनं बघितलं, पाव्हणा गप्प उभा आहे. म्हणजे ह्याच्याही अंगावर माल आहे. त्यानं झडती सुरू केली. बरगड्या चाचपल्या, काखा चाचपल्या, पोट चाचपलं. सर्जेरावाला गुदगुल्या व्हायच्या, हे तालमीत कुणाला माहीत नव्हतं. तो आधी हसला, मग लोळला, मग हसत लोळत शिव्या द्यायला लागला. काखेतल्या पिशवीतून पावडरचा नवा डबा घरंगळत बाहेर आला.

"मुद्देमाल घावला," हैबती म्हणाला.

दावं सोडवून सर्जेराव तरातरा घरात गेला. बघतो तर अंजिरा भरदिवसा झोपलेली.

"बघा," तो गरजला. "बेंदराचा सण, दिवस डोक्यावर, आणि बाई झोपल्यात. आणि दादला असला. आता एक ऐकायचा न्हाई. न्हेतो हिला."

अंजिरा जागी झाली. "दादा, मला न्हाई यायचं," ती म्हणाली. "हिथं बरं वाटाय लागलंय. पोट धरलंय. शेळीचं दूध सोसतंय मला. हळूहळू हुतंय सगळं."

"शेळीच्या दुधानं कुणी पैलवान झालाय?"

"मला कुठं पैलवान व्हायचंय?"

"शंभर बैठका," सर्जेराव म्हणाला. "उद्यापासनं. म्होरल्या बेंदराला माझं नाव काढशील."

अंजिराला पुष्कळ बोलायचं होतं. पण चार पोळ्यांत आणि चार शब्दांत तिची दिवसाची शिदोरी संपली होती. तिचे डोळे भरून आले. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि तशीच झोपी गेली.

हैबती दारात उभा होता. त्याला ती जायला नको होती. पण आजवर कुणी काही सांगितलं आणि त्यानं केलं नाही, असं झालं नव्हतं. आता हा सांगणार, आणि आपल्याला करावं लागणार.

सर्जेराव बाहेर आला. "दाजी, मी टेम्पो वळवून लावतो. हौद्यात गादी घातलीया. ती झोपलीया तवर अलगद उचलून गादीवर ठिवतोस व्हय? जागी करू नगंस, न्हाईतर पुन्यांदा रडगाणं."

हैबतीनं कान टवकारले. "नको," तो म्हणाला. "शेळी."

हैबतीचं हे पालुपद गावाकडून सर्जेरावाच्या कानावर आधीच आलं होतं. तो वैतागला. "हां, ठेव बाबा तुजी शेळी. पण बिगीनं. आणि वरनं शाल पांघर, वारं लागंल."

हैबतीचं तोंड उजळलं. पाव्हण्यानं असं सरळ सांगितल्यावर प्रश्नच नव्हता. त्यानं शेळी अलगद उचलली, गादीवर ठेवली, अंजिराची शाल डोक्यावरून पायापर्यंत पांघरली, आणि जागी होऊ नये म्हणून तोंडाशी मूठभर पाला दिला.

"नीट निजवलीस व्हय?" सर्जेरावानं पुढून ओरडून विचारलं.

"नको. शेळी."

"कळलं, कळलं," सर्जेराव म्हणाला आणि त्यानं टेम्पो सुरू केला. आता ह्याच्यापेक्षा स्पष्ट हैबतीनं तरी काय सांगायचं?

टेम्पो खडखडत निघाला. सर्जेराव वाटभर मागं तोंड करून बहिणीला धीर देत होता. "हे बग अंजिरे, पयल्यांदा पाय दुखत्यात. मग सवय हुती. समजलं व्हय?"

"ब्यॅऽ," मागून आवाज आला.

"आवाज लईच खोल गेलाय," सर्जेराव स्वतःशी म्हणाला. त्यालाही आतून वाईट वाटलं. बहीण म्हणजे बहीण. "रडू नगंस. पावडर तीनच्या जागी सा चमचं करू."

"ब्यॅऽऽ."

इकडं ऊन कललं तेव्हा अंजिरा जागी झाली. घर शांत होतं. हैबती पोळी खात उंबऱ्यावर बसला होता. ती दचकून उठली.

"दादा गेला?"

"गेला."

"आणि मला न्हेणार हुता त्यो?"

"पाव्हणं म्हणलं, ठिवतोस व्हय? मी म्हणलं, नको, शेळी. त्ये म्हणलं, ठेव शेळी. मग ठिवली."

अंजिरानं खुट्ट्याकडं बघितलं. खुट्टा रिकामा. शालीकडं बघितलं. शालही नाही. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती हसायला लागली. पोट धरून हसली, बाजेवर पडून हसली, तुटल्या सुंभातून खाली गेली आणि खाली बसून हसली. हैबतीला वाटलं, पोटच दुखतंय.

"आता दुधाचं काय करायचं गं?" त्यानं काळजीनं विचारलं.

"येतोय की दादा सकाळी परत घिऊन," अंजिरा डोळे पुसत म्हणाली. "आणि आता मला न्ह्यायचं नाव काडायला त्याला तोंड ऱ्हायलं न्हाई. बसा हिथं. आणि एक पोळी मलाबी द्या."

तिकडं सर्जेरावाच्या दारात टेम्पो थांबला. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर आली. गुडघे दुखत होते तरी आली. आजारी लेक वर्षानं दारात आली होती. सर्जेरावानं मागचं फळकूट खाली केलं.

"उतर अंजिरे," तो म्हणाला. शाल हलली.

म्हातारीनं डोळे भरून शालीवरून भाकरतुकडा ओवाळला. शालीतून एक तोंड बाहेर आलं आणि त्यानं तो भाकरतुकडा खाऊन टाकला. सर्जेराव फळकूट हातात धरून तसाच राहिला.

म्हातारीनं शाल बाजूला केली. खाली वाकून नीट बघितलं. दाढी बघितली. कान बघितले. मग तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि तिला हुंदका फुटला.

"सर्ज्या, मेल्या," ती लेकाला म्हणाली, "तरी मी तुला सांगत हुते, माज्या लेकीला ती पावडर चारू नगंस."